बाईंनी लावलेली रांग

सरकारी खात्यात चांगलं काम करण्याची शिक्षा काय असते हे ज्याला बघायचं असेल, त्याने या बाईंची नोकरी बघावी. कारकून म्हणून लागल्या, हेडक्लार्क झाल्या, आता निवृत्तीला आल्या, पण एका खुर्चीत कधी धड स्थिरावल्या नाहीत. कुठलं ऑफिस घसरलं, लोकांनी बोंबाबोंब केली, वरून विचारणा आली, की खात्यात एकच वाक्य ऐकू यायचं, त्या बाईंना पाठवा. बाई जायच्या, हाडाची काडं करून ऑफिस सरळ करायच्या, आणि ते सरळ झालं रे झालं की बदलीचा हुकूम हातात. पाठीमागे सगळे त्यांना डागडुजीबाई म्हणायचे. बाईंना ते माहीत होतं. राग यायचा, पण नाव काही चुकीचं नव्हतं.

पाणीपट्टीच्या ऑफिसचंच घ्या. तिथे बिल चुकीचं आलं की माणसाने चार टेबलं फिरायची, आणि चारही टेबलं चार कोपऱ्यांत. पहिला म्हणणार दुसऱ्याकडे जा, दुसरा म्हणणार पहिल्याची सही कुठाय. बाईंनी काय केलं, तर चारही टेबलं भिंतीलगत एकाला एक जोडून लावली. कागद घेऊन माणसाने फिरायचं नाही, कारकुनाने तो शेजारच्याकडे सरकवायचा. बस, एवढंच. ज्या कामाला लोक महिनोन्‌महिने खेटे घालत होते ते उभ्या उभ्या व्हायला लागलं. वरच्यांनी बाईंची पाठ थोपटली आणि त्यांना दवाखान्याच्या भांडारात पाठवून दिलं, कारण तिथे औषधांचा घोळ चालला होता.

काही काळाने बाई स्वतःच्या घराच्या बिलासाठी त्या ऑफिसात गेल्या. बघतात तर टेबलं परत आपापल्या कोपऱ्यांत, आणि एक म्हातारा हातात कागद घेऊन खोलीभर फिरतोय. बाईंनी ओळखीच्या कारकुनाला विचारलं, "अहो, हे काय?" तो बिचारा मनाने वाईट नव्हता. हसून म्हणाला, "बाई, ती तुमची पद्धत होती ना. तुम्ही गेलात, मग आम्ही आमच्या पद्धतीने लावून घेतलं."

तुमची पद्धत. हे दोन शब्द बाईंच्या डोक्यात बसले ते बसलेच. दवाखान्याच्या भांडारात तेच झालं, जमीन मोजणीच्या ऑफिसात तेच झालं. पाठ फिरली की मागे सगळं होतं तसं. बाईंनी दोनदा वरच्या साहेबांना सांगून बघितलं, की साहेब, झाड लावलं की थोडे दिवस पाणी घालावं लागतं, मला एका जागी राहू द्या. पहिले साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही तर आमचं अग्निशमन दल आहात." दुसरे साहेब काहीच म्हणाले नाहीत, त्यांनी फक्त बदली केली. आता याला काय करायचं? भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं?

अशी वणवण करत करत बाई जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या ऑफिसात आल्या. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक लांबट खोली, बाहेरच्या बाजूला जाळीची खिडकी, खिडकीपुढे पत्र्याची शेड आणि एक डुगडुगणारं बाकडं. खिडकीवर जो कारकून होता त्याचं नाव लोकांनी सावकाशराव ठेवलं होतं, कारण काहीही विचारा, उत्तर एकच, "होईल, सावकाश होईल." सही करणारे अधिकारी वरच्या मजल्यावर बसायचे आणि जेवणानंतरच सह्या करायचे. दाखल्यात नाव चुकायचं, मग दुरुस्तीचा अर्ज, मग परत सही. मूल जन्मल्याचा कागद मिळेपर्यंत ते मूल चालायला लागलेलं असायचं.

बाईंनी आल्याआल्या कुणाला एक शब्द बोलून दाखवला नाही. आधी चहा खाली आणला. म्हणजे असं, की शिपाईमामांना सांगितलं, आजपासून सकाळचा चहा वर न्यायचा नाही, खाली खिडकीच्या खोलीत ठेवायचा. सही करणारे अधिकारी दोन दिवस वर बसून राहिले, तिसऱ्या दिवशी चहासाठी खाली उतरले. उतरले ते खिडकीतून लोकांना दिसले. दिसले म्हटल्यावर लोक बघत राहिले, आणि लोक टक लावून बघत असताना नुसता चहा पीत बसणं कुणालाही जड जातं. त्यांनी पेन काढलं. पुढे त्यांची खुर्चीच खाली आली. मग बाईंनी अडगळीतला जुना मॉनिटर पुसून खिडकीत लोकांकडे तोंड करून बसवला. सावकाशराव नाव टाइप करणार, आणि आईबाप ते छापण्याआधीच वाचणार. चुका तिथल्या तिथे सापडायला लागल्या, आणि दुरुस्तीचे अर्ज जवळजवळ बंदच झाले.

पण बाईंना खरा आनंद झाला तो वेगळ्याच दिवशी. शेजारणीच्या नातीचा दाखला करायचा होता, बाई घाईत होत्या, म्हणाल्या, "सावकाशराव, छापून टाका पटकन." तर सावकाशरावांनी मान हलवली. "नाही बाई, असं नाही. आपल्याकडे आधी नाव दाखवतात, मग छापतात. त्यांना येऊन बघू दे." बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आपल्याकडे. तुमची पद्धत नाही, बाईंची पद्धत नाही, आपल्याकडे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडला. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला तो प्रसंग दोनदा सांगितला.

नवरा कारखान्यात स्टोअरकीपर होता, आता घरी असायचा. तो म्हणाला, "अगं, मग झालं की. रुजलं."

"कुठलं रुजतंय," बाई म्हणाल्या. "आत्ता कुठे कोंब आलाय. निवृत्त होईपर्यंत मला इथेच राहायचंय. एक ऑफिस, अहो, फक्त एक ऑफिस माझ्यामागे उभं राहिलेलं बघायचंय. नाहीतर आयुष्यभर मी केलं काय?"

आणि नेमका तेव्हाच मुख्य ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. नवे साहेब आलेत, तरुण आहेत, कामसू आहेत, कारभार सुधारायचा म्हणून खेडोपाडी फिरतायत. "चांगली ऑफिसं शोधतायत म्हणे," मैत्रीण म्हणाली. "तुझं नाव वर पोचलंय. पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतील." मैत्रिणीने हे अभिनंदनाच्या सुरात सांगितलं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब चांगली ऑफिसं शोधतात म्हणजे काय, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. येणार, बघणार, वा वा करणार, आणि महिन्याभरात हातात हुकूम.

रात्रीच्या जेवणाला बसल्या तेव्हा त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवऱ्याने गंमत म्हणून म्हटलं, "मग त्या दिवशी वाईट काम कर. साहेब नाक मुरडून निघून जातील." म्हणाला आणि पाणी प्यायला उठला. बाईंनी मात्र ते मनावर घेतलं.

वाईट काम करणं बाईंच्या हातून होणार नव्हतं. पण वाईट दिसायला काय लागतं? रांग लागते. खिडकीपुढे तोबा गर्दी, घामाघूम झालेली, वैतागलेली माणसं. तशी गर्दी या खिडकीपुढे आता कधी नसायची. लोक येत, पाच-दहा मिनिटांत दाखला घेऊन जात. तेव्हा गर्दी जमवावी लागणार होती. इतर ऑफिसं साहेब येणार म्हणून गर्दी पांगवतात, बाई गर्दी बोलवायला निघाल्या. बघा, कामाच्या माणसावर काय वेळ आणली होती या खात्याने.

समोरच्या दुकानातल्या शिंप्याला त्यांनी आधी सांगितलं. शिंप्याचं बाईंवर फार प्रेम, कारण त्याच्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला त्याला रडायला वेळ मिळेल इतक्या लवकर मिळाला होता. त्याने एका दमात गल्ली जमवली. त्यात एक निवृत्त मास्तर होते. मास्तरांनी तरुणपणी हौशी नाटकांत कामं केली होती आणि ते अजून कुणी विसरलं नाही अशी त्यांची समजूत होती.

"तुम्ही काही बोलायचं नाही," बाईंनी बजावलं. "नुसतं उभं राहायचं. साहेब बघतील, जातील, संपलं."

"बाई, तुम्ही निश्चिंत असा," मास्तर म्हणाले. "तुम्हाला इथून हलवायची कुणाची छाती नाही." बाईंना तेव्हाच जरा धास्ती वाटली होती, पण आता मागे फिरायला वेळ नव्हता.

तो दिवस उजाडला. सकाळपासून शेड माणसांनी भरून गेली. सावकाशरावांना सांगून ठेवलं होतं, की साहेब जाईपर्यंत हात आवरता घ्या. बिचाऱ्यांना ते जमेना. सवयीने बोटं कीबोर्डकडे जायची आणि बाई डोळे वटारायच्या. सही करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्या दिवसापुरतं वर बसवलं होतं, चहासकट.

साहेब उन्हं चढल्यावर आले. बरोबर लवाजमा नाही, हारतुरे नाहीत, गाडी लांब उभी करून चालत आले. बाईंना ते बघूनच बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. साहेबांनी आधी रांग बघितली. मग खिडकी बघितली. मग रांगेतल्या पहिल्या माणसाला, म्हणजे मास्तरांनाच, विचारलं, "आजोबा, किती वेळ उभे आहात?"

मास्तरांना नुसतं उभं राहायचं होतं. पण समोर साहेब, मागे प्रेक्षक, आणि तोंडावर आयता प्रश्न. त्यांना कुठला धीर धरवतोय?

"वेळ?" मास्तर म्हणाले. "साहेब, वेळ विचारू नका. ऋतू विचारा. नातवाच्या दाखल्यासाठी चपला झिजवतोय मी. आज या, उद्या या. ही बाई माणसाला माणूस समजत नाही."

रांगेच्या अंगात आल्यासारखं झालं. आपणही बाईंसाठी काहीतरी करायला हवं असं प्रत्येकाला वाटलं. शिंपी म्हणाला, वडील गेले तरी कागदावर अजून जिवंत आहेत. मागून कोणी म्हणालं, सही करणारे दिवस दिवस सापडत नाहीत. कोणी म्हणालं, नाव हमखास चुकवतात. बाई जाळीच्या आत उभ्या राहून ऐकत होत्या. यातली एकेक गोष्ट त्यांनी स्वतःच्या हाताने मोडून काढली होती, आणि त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं ती एकेक करून परत त्यांच्याच पदरात घालत होती.

साहेब आत आले, खुर्चीवर बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाई, एक गोष्ट मात्र मानली," ते म्हणाले. "मी येणार म्हटल्यावर बाकी ठिकाणी लोकांना हाकलून देतात, फुलदाण्या मांडतात. तुम्ही निदान आहे ते दाखवलंत."

बाईंनी जाळीबाहेरच्या रांगेकडे बघितलं.

"मी खरं तर वेगळ्याच अपेक्षेने आलो होतो. या ऑफिसबद्दल इतकं चांगलं ऐकलं होतं. आपल्या खात्यात जरा कुठे बरं चाललं की आपण तिथली माणसं उचलतो आणि ते ऑफिस बुडवतो. मला ते थांबवायचंय. म्हटलं, तुमचं ऑफिस आहे तसं ठेवू, इथलं एकही माणूस हलवायचं नाही, बाकीच्यांनी इथे येऊन शिकावं. तसं वर बोलूनसुद्धा ठेवलं होतं मी."

हेच तर बाई आधीच्या दोन साहेबांना सांगून थकल्या होत्या. सांगून सांगून जीभ झिजली, आणि ऐकणारा माणूस आला तो आजच, त्यांनीच लावलेल्या रांगेतून वाट काढत आत.

"साहेब," त्या म्हणाल्या, "ही रांग खोटी आहे."

"म्हणजे?"

"मी लावलीय. यांतल्या कुणाचंच काम अडलेलं नाही. माझी बदली होऊ नये म्हणून उभं केलंय मी त्यांना."

साहेब म्हणाले, "गर्दी नाही असं खोटं सांगणारे मला रोज भेटतात. गर्दी आहे पण ती खोटी आहे, हे पहिल्यांदाच ऐकतोय."

"कॉम्प्युटरवर बघा ना. कुठला अर्ज कधी आला, दाखला कधी दिला, सगळं आहे."

"आकडे सगळ्यांचेच छान असतात, बाई. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा असता तर मी असा वणवण फिरलो कशाला असतो?"

सावकाशराव न राहवून मध्ये पडले. "साहेब, खरं आहे. आपल्याकडे पाच मिनिटांत दाखला मिळतो." बोलले तेही असे अडखळत, की ऐकणाऱ्याला खोटंच वाटावं. साहेब म्हणाले, "तुम्ही त्यांच्याच हाताखालचे. दुसरं काय सांगणार?" आणि त्यांनी सरळ खिडकीतून मास्तरांना हाक मारली. "आजोबा, तुम्हाला इथे कुणी मुद्दाम उभं केलंय का?"

"मास्तर, खरं सांगा," बाई म्हणाल्या. "आता खरं सांगा."

मास्तरांनी बाईंचा रडवेला चेहरा बघितला. त्यांना वाटलं, साहेब बाईंना दटावतायत, बाई घाबरल्यात, आता आपणच खंबीर राहायला हवं. ते ताठ उभे राहिले. "मुद्दाम? आम्हाला मुद्दाम उभं करायला कशाला लागतंय साहेब? इथे येतो तो उभाच राहतो. शपथेवर सांगतो."

बाईंनी हात टेकले. आता बोलायचं तरी काय? रांग खरी म्हणावी तर ऑफिस वाईट, खोटी म्हणावी तर बाई वाईट. साहेबांच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि हे कळत होतं म्हणून तर जास्त संताप येत होता. स्वतःचा, मास्तरांचा, त्या दोन जुन्या साहेबांचा, सगळ्या खात्याचा.

साहेब उठले. दुःखी वाटत होते. "ही खिडकी बंद करतो आपण. पहिल्या तारखेपासून दाखले मुख्य ऑफिसातून मिळतील. लोकांना बसचा प्रवास पडेल, पण काम तरी होईल. कारकूनही तिकडे येतील. तुमची मात्र बदली करत नाही, या वयात कुठे पाठवू? इथेच राहा, जुन्या कागदांच्या देखरेखीला."

ते गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत रांग शहाण्यासारखी उभी होती. मग एकच हशा पिकला. शिंपी खिडकीशी आला, चेहरा फुललेला. मास्तर घाम पुसत होते.

"काय बाई, कसं झालं?" शिंप्याने विचारलं. "आता तर नाही ना नेणार तुम्हाला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मला नाही नेणार. खिडकी नेणार आहेत."

कुणाला काही कळेना. बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. मास्तर खाली बाकड्यावर बसले. "पण मी तर तुमच्यासाठीच..." ते म्हणाले आणि थांबले. बाईंनी त्यांना काही दोष दिला नाही. देण्यासारखा होता तो स्वतःलाच देऊन झाला होता. एकेक करून माणसं निघाली. शेड रिकामी झाली तेव्हा अगदी शेवटी एक माणूस उरलेला दिसला. अंगावर कामावरचे कपडे, हातात हॉस्पिटलची चिठ्ठी. तो गल्लीतला नव्हता. बाईंनी त्याला बोलावलं नव्हतं.

"माझा नंबर आला का?" त्याने विचारलं. "मुलीचा दाखला हवाय. अर्ध्या दिवसाची रजा काढलीय, ती तर संपली."

"तुम्ही कधीपासून उभे आहात?" बाईंनी विचारलं.

"सकाळी खिडकी उघडली तेव्हापासून. मी पुढे यायला लागलो, तर त्या आजोबांनी मागे पाठवलं. म्हणाले, इथे रांग असते."

सावकाशरावांनी चिठ्ठी घेतली. बाई स्वतः जिना चढून सही आणायला गेल्या. सगळं मिळून काही मिनिटं लागली. माणसाने दाखला बघितला, नाव बरोबर होतं, घडी न घालता तो तसाच हातात धरून निघाला. जाता जाता म्हणाला, "एवढंसं काम होतं. सकाळीच केलं असतंत तर."

बाई खुर्चीत बसल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सावकाशरावांसमोर रडल्या.